पिवळ्या छत्रीतलं हसू

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची असते, हे मला कोणी शिकवलेलं नाही. पोहता येणं आणि जागा धरता येणं या दोन गोष्टी आमच्याकडे पाण्यात पडलं की येतात. पण १९८२च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, जालन्याच्या स्थानकात कुंभार पिंपळगावची गाडी लागली, साठ-सत्तर माणसं तिच्यावर तुटून पडली, आणि मी खिडकीशी पोचून खिशात हात घातला तर रुमाल नाही. रुमाल होता, पण हातातल्या पिशवीत. पिशवीत बद्रीभाऊंची ग्रामोफोनची रेकॉर्ड होती आणि तिला धक्का लागू नये म्हणून घरून निघतानाच मी तो तिच्याभोवती गुंडाळला होता. शेजारून एक टोपी आत गेली, एक उपरणं गेलं, कुणाची तरी रिकामी किटली गेली. मला सुचलं ते मी केलं. पिशवी टाकली.

जागा मिळाली. खिडकीची, दाराकडून तिसरी. पिशवी मात्र बाकाच्या लोखंडी दांडीवर पडली होती आणि आतून उडदाचा पापड मोडल्यासारखा आवाज आला होता. तो आवाज मी बाहेर उभा राहून, एवढ्या गोंगाटात, स्पष्ट ऐकला. ती जुनी, लाखेची रेकॉर्ड होती. या रेकॉर्डी वाकत नाहीत, फुटतात. पुढचे अडीच तास मी त्या हक्काच्या जागेवर सात तुकडे मांडीवर घेऊन बसलो होतो. कव्हराला काही झालं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ दांडीला लोंबकळत उभे होते, ते म्हणाले, “नशीबवान आहा, बसायला भेटलं.”

ती रेकॉर्ड म्हणजे काय होती, हे सांगण्यासाठी आधी बद्रीभाऊ सांगायला हवेत.

बद्रीनाथ घनसावंगीकडचे. घरची शेती भाऊ बघायचा. हे मॅट्रिकला दोनदा बसले, दोन्ही वेळा जिथल्या तिथे उठले, आणि रेडिओ दुरुस्ती शिकून जालन्यात आले. मस्तगडला धर्मराज टेलरच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की त्यांची खोली. बाहेर पाटी: ‘मनपसंत गाणी भरून मिळतील.’ त्या काळी कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की दोन दिवसांनी गाणी भरून मिळायची. जालन्यात असे भरून देणारे आणखीही होते, पण बद्रीभाऊंसारखा कान कुणाला नव्हता. रेडिओ दुरुस्तीला आला तर ते आधी उघडत नसत, नुसते त्याच्याशेजारी बसत. डॉक्टरनं नाडी बघावी तसे. गल्लीतून स्कूटर गेली की म्हणायचे, “याचा प्लग गेला. चौकापर्यंत जाईल.” आणि ती चौकातच बंद पडायची.

मी १९८१ साली जुन्या जालन्यातल्या शाळेत बदलून आलो आणि मस्तगडला बिऱ्हाड केलं. पहिल्याच आठवड्यात यादी घेऊन वर गेलो. बद्रीभाऊंनी यादीवर बोट फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

“‘पिवळी छत्री’ कोनती भरू?”

“कोणती म्हणजे? आहे ती.”

“चार हायेत.”

‘पिवळी छत्री’ हे गाणं माझ्या वयाच्या माणसाला माहीत नसेल तर त्यानं आपलं तारुण्य परत मागून घ्यावं. साठ सालच्या आसपास आलं आणि लग्नात, जत्रेत, गणपतीत, हॉटेलात वाजून वाजून गुळगुळीत झालं. ‘पिवळी छत्री उघडली गं, ऊन पडलं खाली’ एवढं सगळ्यांना पाठ. पुढचं कुणालाच नाही. गाणाऱ्या बाईंचं नाव तर गाण्याच्या खालीच दबून गेलं.

बद्रीभाऊंनी मला त्या दिवशी चारही ऐकवल्या. एक पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड, तिच्यात क्लॅरिनेट काढून व्हायोलिन घातलेलं. एक लाँग प्ले, तिच्यात तिसरं कडवं कापलेलं. एक रेडिओवरून टेप केलेलं, त्याच्या शेवटी निवेदक घाईघाईनं हवामान सांगतो. आणि चौथी म्हणजे ही, लाखेची, पहिल्या वर्षी निघालेली. ती लावण्याआधी त्यांनी खिडकी लावली, खाली वाकून धर्मराजला मशीन थांबवायला सांगितलं.

“दुसऱ्या कडव्यात, ‘छत्री’ म्हनल्यावर. ध्यान द्या.”

मी ध्यान दिलं. बाई गात होत्या, क्लॅरिनेटवाला अर्धी मात्रा आधीच घुसला, आणि बाईंना हसू आलं. म्हणजे हसल्या नाहीत. वर्गात मागच्या बाकावरची मुलगी मास्तरकडे बघत हसू गिळते, तेवढंच. आलं आणि सुरात मिसळून गेलं.

“हसल्या,” मी म्हणालो.

बद्रीभाऊंनी माझा हात धरला. “गुरुजी, तीन वर्षं झाले, सांगून राह्यलो. कुनाला ऐकूच येत न्हाई.”

त्यांचं म्हणणं असं होतं: कंपनीनं हे गाणं एकदा भरून घेतलं, ते गाजलं, मग कुणा साहेबाच्या ध्यानात हसू आलं आणि त्यानं बाईंना बोलावून पुन्हा गाऊन घेतलं. पण रेकॉर्डचा नंबर तोच ठेवला. म्हणून नंतरच्या सगळ्या रेकॉर्डी, कॅसेटी त्या दुसऱ्या गाण्याच्या. हसणारं गाणं फक्त सुरुवातीच्या थोड्या रेकॉर्डींत राहिलं. हे त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं. कानानं ठरवलं होतं.

धर्मराज टेलरला हे मान्य नव्हतं. धर्मराजचं दुकान खाली असल्यामुळे बद्रीभाऊ वर जे वाजवतील त्यावर त्याचा पाय चालायचा. तो म्हणायचा, “नंबर एक, बाई एक, गानं एक. पॅन्टीचं माप एकदा घेतल्यावर मी काय दोन पॅन्टी शिवतो काय? मशीनची खरखर हाये ती. ह्यांना हसू वाटतं. लग्न उशिरा झालं की असं व्हतं.”

कॅसेटवर भरून बघितलं तर टेपच्या सूं-सूंमध्ये ते हसू बुडून जायचं. म्हणजे पुरावा एकच, ती रेकॉर्ड. आणि साक्षीदार एकच, मी.

अशी ती रेकॉर्ड, जी त्यांनी स्वतःच्या साडूलाही दिली नव्हती, ती मला दिली. माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. काकासाहेबांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, मांडवात ‘पिवळी छत्री’च हवी होती आणि गावातल्या स्पीकरवाल्याकडे फक्त जुनं, लाखेच्याच रेकॉर्डी वाजवणारं यंत्र होतं. मी नुसतं बोललो होतो. बद्रीभाऊंनी स्वतः कव्हरात घालून दिली. “तुमाला ऐकू येतं, म्हनून देतो,” म्हणाले.

लग्नात मी सांगितलं की रेकॉर्ड मिळाली नाही. तुकडे काकासाहेबांच्या उकिरड्यात पुरले. परत आल्यावर घरात शिरता शिरता आमच्या उषाबाईंना, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं, कारण माझं तोंड बघून त्यांना कुणी तरी गेलं असंच वाटलं होतं.

“मग आता सरळ वर जा आणि सांगा,” त्या म्हणाल्या.

“सांगतो ना. आधी दुसरी मिळते का बघतो.”

इथे माझी चूक झाली, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. चूक नव्हे. चूक खिडकीशी झाली होती. इथे मी ठरवून केलं.

रविवारी औरंगाबादला गेलो. जुन्या सामानाच्या गल्लीत सकाळपासून बसलो आणि तिसऱ्या ढिगात रेकॉर्ड मिळाली. तीच कंपनी, मधला तोच लाल कागद, तोच नंबर. नंबर मी वहीत लिहून ठेवला होता. मास्तर माणूस, हजेरी घेतल्याशिवाय चालत नाही. तीनदा ताडून पाहिला. देव आहे, असं मला वाटलं. त्या आनंदात बद्रीभाऊंचं अख्खं म्हणणंच मी विसरलो, की नंबर तोच असून गाणं वेगळं असू शकतं. विद्यार्थ्यानं उत्तर पाठ करावं आणि परीक्षेत प्रश्न ओळखू नये, तसं. घरी यंत्र नव्हतं, ऐकून बघायचा प्रश्न नव्हता. जुन्या कव्हरात नवी रेकॉर्ड घातली आणि जिना चढलो.

वर धर्मराज आधीच बसलेला होता. परभणीच्या मेव्हण्याकडून त्यानं एक लाँग प्ले आणली होती, दोन्ही लागोपाठ वाजवून बद्रीभाऊंना खोटं पाडायला. “बरं झालं गुरुजी आले. पंच पायजेच व्हता.”

बद्रीभाऊंनी खिडकी लावली. आधी धर्मराजची लावली. हसू नाही. मग माझ्या हातातली घेतली, कव्हरातून काढली, सदऱ्याच्या बाहीनं पुसली, सुई ठेवली. पहिल्याच कडव्याला त्यांच्या कपाळावर आठी आली.

“खरखर बदलली हिची.”

“एस.टी.ची धूळ,” मी म्हणालो. लगेच म्हणालो. इतकं लगेच मी आयुष्यात कधी उत्तर दिलेलं नाही.

दुसरं कडवं आलं. छत्री आली. क्लॅरिनेट बरोबर आपल्या मात्रेवर आलं, शहाण्या मुलासारखं, आणि बाई पुढे निघून गेल्या.

बद्रीभाऊंनी सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा. पुन्हा. सात वेळा. मला तेव्हा कळलं की बद्रीभाऊ खरे आहेत. जगात ते सिद्ध करणारा पुरावा त्या क्षणी यंत्रावर फिरत होता; नंबर तोच, गाणं दुसरं. आणि तो पुरावा आहे हे फक्त मला माहीत होतं. आता बोललो असतो तर धर्मराजचं तोंड बंद झालं असतं. पण त्यासाठी आधी माझं उघडायला हवं होतं.

“गुरुजी,” बद्रीभाऊ म्हणाले, “तुमी ऐकलं व्हतं ना?”

धर्मराज माझ्याकडे बघत होता. मी चष्मा काढून पुसला.

“तेव्हा ऐकल्यासारखं वाटलं होतं,” मी म्हणालो. “आता तर नाही आलं.”

रेकॉर्ड बदलली का, असं त्यांनी विचारलं नाही. एकदाही नाही. गुरुजी खोटं बोलतील ही शक्यता त्यांच्या हिशेबातच नव्हती; त्यापेक्षा आपले कान खोटे, हे त्यांना पटलं. यंत्र बंद करून ते म्हणाले, “धर्मराज, तुझं बराबर,” आणि चहा सांगायला स्वतः खाली गेले.

धर्मराज वाईट माणूस नव्हे, पण टेलर. मापाला आलेल्या प्रत्येकाला त्यानं हे सांगितलं. मस्तगडात बद्रीभाऊ दिसले की कोणी ना कोणी विचारायचं, “काय बद्रीभाऊ, हसल्या का बाई आज?” ते मान हलवायचे. पुढे कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले काही नाही, थेंब टाका. टाकले, वर्षभर. पूर्वी कुणी कॅसेट घ्यायला आलं की ते एक गाणं लावून सांगायचे, ही दुसऱ्या कंपनीची आहे, हिच्यात ढोलक मागे आहे, तुम्हाला पुढचा देतो. आता गिऱ्हाइकालाच हेडफोन द्यायचे. “तुमीच ऐकून घ्या. बराबर वाजतंय ना? माह्या कानाचं काही खरं न्हाई.” स्कूटर गेली तरी वर बघेनासे झाले.

एवढ्यावरही मी सांगितलं नाही. सांगण्याऐवजी मी कॅसेटी भरून घेऊ लागलो. दर दोन-तीन महिन्यांनी एक, कधी दोन. नको असलेली गाणी शोधून शोधून याद्या करायचो. वीस वर्षांत घरात एकशे बारा कॅसेटी झाल्या आणि त्या वाजवायचा टेप एकच, तोही एका बाजूनं चालणारा. “गाणी आणता की पाप भरून आणता?” असं उषाबाई एकदा म्हणाल्या.

शिवाय मी शोधत राहिलो. शिक्षकांची शिबिरं, लग्नं, मयत, कशालाही परगावी गेलो की आधी भंगारवाला गाठायचा. नांदेड, लातूर, एकदा हैदराबाद. “‘पिवळी छत्री’ आहे का? जुनी? थोडी हसणारी?” हैदराबादचा दुकानदार म्हणाला, “रोनेवाली बहुत है साहब, हँसनेवाली नहीं.” त्याच नंबरच्या पाच रेकॉर्डी मिळाल्या. पाचही कुणा ना कुणाच्या यंत्रावर ऐकल्या. पाचही शहाण्या. मग मी कॅसेटी ताडू लागलो. सत्याऐंशी साली एका कंपनीनं भलत्याच बाईकडून गाऊन घेतलेली. तिच्यात ढोल असे की छत्रीवर ऊन नाही, गारा पडताहेत. नव्याण्णवची रिमिक्स, तिच्यात मधेच एक माणूस इंग्रजीत ओरडतो, छत्रीनं त्याचं काय घोडं मारलं कोण जाणे. दोन हजार तीनची सीडी. वर सोनेरी अक्षरांत ‘मूळ ध्वनिमुद्रण’, आत तेच दुसरं गाणं, इतकं धुऊन पुसून की शेवटची अंघोळ घातल्यासारखं वाटावं. क्लॅरिनेट कुठे येतं, श्वास कुठे पडतो, कुठलं कडवं कुठे कापलं, सगळं मला कळू लागलं. ज्याचे कान मी घेतले होते त्याचंच काम मी चोरून करत होतो, आणि ते दाखवायला तोच एक माणूस होता.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर बद्रीभाऊंनी खोली रिकामी करायला काढली. कॅसेटी कोणी भरून घेईना, फक्त मोबाईलचे रिचार्ज विकायचे तर जिना चढायला कोण येणार. मी गेलो तेव्हा रेकॉर्डी भंगारात द्यायला सुतळीनं बांधून ठेवल्या होत्या.

“या, गुरुजी. तुमच्यासाठी ठिवली एक चीज.” त्यांनी लाल पुठ्ठ्याची जाड वही पुढे केली. “घ्या. तुमाला हौस हाये. नाहीतर चुलीतच जाईल.”

वही गाण्यांची होती. एकेका पानावर एकेक गाणं आणि त्याच्या जितक्या रेकॉर्डी, टेपा निघाल्या त्यांतले फरक. अक्षर मॅट्रिक नापासाचं, पण असं काम मी भल्याभल्यांचं पाहिलेलं नाही. ‘पिवळी छत्री’ला अडीच पानं होती. वर ‘रेकॉर्ड पहिली’ आणि त्याखाली: ‘कडवं दोन, बाई हसतात.’ ती ओळ पट्टी धरून खोडलेली. शेजारी लिहिलं होतं: ‘न्हाई. गुरुजींनी पण ऐकलं न्हाई. कान बिघडले.’ त्यापुढे वही कोरी होती. १९८२नंतर त्यात एक अक्षर नव्हतं.

खाली धर्मराजचं मशीन चालू होतं. आता त्याला मोटर बसवली होती, त्यामुळे त्याचा पाय रिकामाच हलत असे.

“बद्रीभाऊ,” मी म्हणालो, “ती रेकॉर्ड तुमची नव्हती.”

ते सुतळीची गाठ मारत होते. “कोनती?”

“मी परत दिली ती. तुमची फुटली. माझ्या हातून. ही मी औरंगाबादहून आणली. नंबर तोच होता, म्हणून मला वाटलं तीच.”

त्यांनी गाठ पुरी केली. “कुठं फुटली?”

“एस.टी.त. जागा धरायला पिशवी टाकली.”

“भेटली का जागा?”

“मिळाली.”

“नंबर तोच व्हता? पक्का?”

“तीनदा पाहिला.”

ते खाली फरशीवर बसले. मी उभाच होतो. बसा म्हणाले असते तरी बसलो नसतो. मग मी सगळं बोललो. उकिरडा, धूळ, चष्मा, पाच रेकॉर्डी, सोनेरी अक्षरांची सीडी. त्या रेकॉर्डीत बाई हसल्या होत्या, मी माझ्या कानानं ऐकल्या होत्या आणि तरी नाही म्हणालो, हेही बोललो. बावीस वर्षं मनात घोटलेलं भाषण होतं, चांगलं लांबलचक, पण म्हणताना मधली पानं गळून गेली. शेवटी एवढंच उरलं:

“तुमचे कान बरोबर होते. चुकलो मी. आता काय म्हणाल ते कबूल.”

बद्रीभाऊंनी वही माझ्या हातातून काढून घेतली. खोडलेल्या ओळीवर अंगठा ठेवला. राग आला असता तर मला सोसवलं असतं, मी त्याचीच तयारी करून गेलो होतो. डोळे भरले असते तर मीही मोकळा झालो असतो. त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे न बघता जिन्याकडे बोट केलं.

“हे मला काय सांगून राह्यले, गुरुजी, खाली जाऊन धर्मराजला सांगा.”